तंगुसाची गिटार आणि गावभर खोगीरभरती

"काकू, पिकअप बघतोय," असं धाकट्या दिरांचा पोरगा म्हणाला आणि घरात दिवाळी झाली. आता डोळखांबात पिकअप म्हणजे काय हे का कुणाला सांगायला हवं? पहाटे भेंडीचे क्रेट घेऊन वाशीला पळते, लग्नसराईत वऱ्हाड कोंबून नेते, सप्ताहाला मंडपाचे बांबू आणते, ती पिकअप! सासूबाईंनी देवापुढे वाटीभर साखर ठेवली. दिरांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हप्त्याचा हिशेब मांडला. शेजारच्या भाऊजींनी तर मागच्या फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद' लिहायचं की 'आजोबा प्रसन्न', इथपर्यंत मजल मारली. आणि पोरगं मोबाईल पुढे करतं तर काय? बोटभर लांब, आगपेटीतल्या काडीएवढी रुंद एक पट्टी. तिला उंदराच्या शेपटीसारखी वायर. म्हणे हा पिकअप. म्हणे गिटारीत बसवायचा. किंमत विचारली तर गिटारीहून जास्त!

सासूबाईंनी साखर उचलून परत डब्यात ओतली. देवाला दाखवलेली वस्तू परत डब्यात गेलेली मी या घरात पहिल्यांदा पाहिली.

तर बायांनो आणि बाप्यांनो, हे चाललंय तरी काय? आपण साधी माणसं. आपल्याकडे वाद्य वाजतं ते हातानं वाजतं, ऐकू येतं ते कानानं येतं, आणि फारच झालं तर समोर एक माईक उभा करतात. त्याच्यावर रुमाल टाकला की झालं. आता म्हणे माईक चालत नाही. आता वाद्याच्या पोटात काय घालायचं, घोडीखाली काय सारायचं, बरगडीत भोक कुठे पाडायचं, याची चर्चा चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, दळणाच्या रांगेत. उन्हाळ्यात टँकर किती वाजता येणार हा प्रश्न मागे पडलाय. विचारायचं काय, तर "मग, पट्टीवाला घेताय की टिकलीवाला?"

मुळात दोष त्या गिटारीचा. आणली ती आणली, ती तंगुसाची! स्टीलच्या तारांची आणली असती तर एवढं रामायण झालंच नसतं. पण नाही. पोरगं कल्याणला कॉलेजात शिकतं, तिथे कुणीतरी सांगितलं की क्लासिकल गिटारीला नायलॉनच्या तारा असतात, बोटांना लागत नाहीत, आवाज गोड. आपण पहिल्यांदा हात लावला तेव्हाच ओळखलं. ही तर नदीत गळ टाकायला वापरतात ती तंगुसाची दोरी! आणि गंमत बघा, आपला अंदाज फार चुकलेला नव्हता. पूर्वी या गिटारीला लावायचे तात, म्हणजे जनावराच्या आतड्याची तार. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवायला ती तात डॉक्टरांना लागायला लागली आणि वादकांच्या हाती येईना. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन नावाच्या कारागिरानं नायलॉनचे धागे ताणून बघितले. आणि आंद्रेस सेगोव्हिया, म्हणजे या वाद्यातला मोठा बुवाच समजा, त्यानं ते आपल्या गिटारीवर चढवले. १९४० च्या दशकातली ही गोष्ट.

हे मी आमच्या भजनी मंडळात सांगितलं आणि पंचाईत झाली. मंडळात सगळ्या माळकरी. "आतड्याची? म्हणजे मेंढराची?" एकीनं पदर नाकाला लावला. दुसरीनं विचारलं, "पण आताची शुद्ध ना?" आता शुद्ध, अगदी प्लास्टिक, असं मी शपथेवर सांगितलं तेव्हा कुठे ती गिटार देवळाची पायरी चढली. म्हणजे बघा, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जे थेर म्हणून नाकं मुरडली असतील, तेच आज सोवळ्यात जमा!

बरं, गिटार देवळात चढली, पण ऐकू कुणाला येते? पखवाजवाल्यानं एक थाप मारली की गिटार गायब. सहा तारांचा ताण मिळून स्टीलच्या गिटारीला साधारण सत्तर किलो, आणि ही नायलॉनवाली चाळीसभर किलोवर संपते. जोर कुठून आणणार? त्यात आमचे टाळकरी. पोरगं डोळे मिटून, मान हलवून वाजवतंय आणि आपण समोर बसून बघतोय, जसं काही टीव्हीचा आवाज बंद केलाय. शेवटी एका म्हाताऱ्या बुवांनी न राहवून विचारलंच, "बाळा, वाजव की आता. किती वेळ जुळवणार?"

इथूनच घोडं पेंड खायला लागलं.

पहिले धावून आले आमच्या आळीतले बेंजोवाले. आता बेंजो म्हटलं की आपल्याकडे हळद आली, मिरवणूक आली, गणपती आला. बेंजोवाल्याइतकं विजेच्या वाद्यातलं कळतं कुणाला? त्यांचा बेंजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग, आणि तो बुलबुलही मूळचा जपानी. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं टाईपरायटरसारखी बटणं लावून ते तारवाद्य काढलं. तिकडून फिरत फिरत ते आपल्याकडे आलं आणि हळदीत नाचायला लागलं. आपण त्याला बेंजो म्हणतो आणि खऱ्या बेंजोला कुणी विचारत नाही. असो. तर बेंजोवाले जुन्या बेंजोतला पिकअप काढून घेऊनच आले. चुंबकाच्या खुंट्या आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारीच्या तोंडावर चिकटपट्टीनं आडवा लावला, वायर स्पीकरला जोडली, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. अंगणात तीसेक माणसं जमलेली. पोरानं तारा छेडल्या.

काही नाही. सूं सूं सूं.

पुन्हा छेडल्या. सूं. मग वरच्या तीन जाड तारा, चकचकीत, धातूच्या दिसणाऱ्या. "ह्या तरी लोखंडी असतील." त्याही मुक्या! बेंजोवाल्यांच्या कपाळावर घाम. खिशातून एक खिळा काढला, पिकअपला लावला, टक्कन चिकटला. म्हणजे चुंबक ठीक. मग खिळा गिटारीच्या तारेला लावून बघितला. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. अहो, चुंबकाला लोखंड लागतं. लोखंडी तार चुंबकापुढे थरथरली की वेढ्यांत वीज उठते. इथे तीन तारा निव्वळ नायलॉनच्या, आणि उरलेल्या तीन म्हणजे नायलॉनच्या रेशमी पुंजक्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा वेढा. चांदी-तांबं चुंबकाला कधी भीक घालतात का? पण हरतील ते बेंजोवाले कसले! वायर गुंडाळत त्यांनी निकाल दिला, "वाद्यातच दम नाही."

आता एवढ्यावर माणसानं सोडून द्यावं की नाही? आपण तर दिलं असतं. (दिलं असतं का? पुढे कळेलच.) पण पोरानं शोध लावला की चुंबक नको, दाबावर वीज देणारा खडा हवा. आणि असा खडा काकूच्या स्वयंपाकघरात आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला गेले तर गॅसचा लायटर नाही. शोधला, शोधला, शेवटी पडवीत सापडला, पोट फाडलेला. स्प्रिंग एकीकडे, नळी एकीकडे. आणि पोरगं हात झटकत कोपऱ्यात उभं, केस जरा जास्तच ताठ. "काय केलंस रे?" "काही नाही काकू, शॉक बसला." बसणारच! लायटरच्या आत एक छोटी हातोडी त्या खड्यावर आपटते, आणि क्षणभर का होईना, काही हजार व्होल्टची ठिणगी पडते. त्यावर आपण चहा करतो. तोच गुण, जरा सौम्य करून, पितळी चकतीवर चढवला की ती चकती थरथर पकडते. यालाच पिएझो म्हणतात. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिक दाबून दाखवलं होतं की त्यातून वीज निघते. पुढे पिएरनं मेरीशी लग्न केलं आणि लोकांनी रेडियमच लक्षात ठेवलं. आता त्या भावांनी काय कल्पना केली असेल की आपल्या खड्यापायी डोळखांबात एका घरी दोन दिवस काडेपेटीवर चहा होईल?

एकदा का हे कळलं, आणि सुटलं हो गाव! ती चकती मुंबईत लॅमिंग्टन रोडला दहा-वीस रुपयांना मिळते. आसनगावहून लोकल धरायची, गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, मूठभर चकत्या घेऊन परत. जाणारा प्रत्येक जण आता दुसऱ्यासाठी चार आणतो, जशी पूर्वी पंढरपूरहून बुक्क्याची पुडी आणायचे. आकार पाहिलात? सव्वा इंचाच्या आत-बाहेर, गोल, पितळी, मध्ये पांढरा ठिपका. बायकांनी एका नजरेत नाव ठेवलं. टिकली!

आणि बघता बघता पंथ पडले. टिकलीपंथी म्हणतात, वाद्याला भोक पाडायचं नाही. टिकली चिकटवायची, वाटलं तर काढायची. गिटारीच्या आतून, घोडीच्या बरोबर खाली, दोन-तीन टिकल्या डकवल्या तर अख्ख्या लाकडाचा आवाज येतो. खरं आहे ते. पण टिकली बोटभर इकडे सरकली की आवाज पिठाच्या डब्यात बसून बोलल्यासारखा, आणि मनगट नुसतं लाकडाला घासलं तरी स्पीकरमधून कुणी कौलावर चालतंय असं वाटतं. त्यात या गिटारीच्या पोटात लाकडाच्या बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या. टिकलीला सपाट जागा शोधायची म्हणजे जत्रेत बसायला जागा शोधण्यासारखं. हात आत घालायचा, आरसा आत घालायचा, मोबाईलची बत्ती आत घालायची. आपण असं एका गृहस्थांना पाहिलं, मनगट आत अडकलेलं, पाहुणे दारात आणि हे गिटारीसकट नमस्कार करताहेत.

खोगीरपंथी मात्र कडक. त्यांचं म्हणणं, घोडीवर जी हाडाची पांढरी पट्टी बसते, जिच्यावर तारा टेकतात, ती म्हणजे खोगीर. खऱ्या आवाजाचा दाब तिथेच. तेव्हा खोगिराखाली पिएझोची पट्टी सारा, घोडीला बारीक भोक पाडून वायर पोटात घ्या आणि बरगडीत चौकोन कापून तिथे बटणांची डबी बसवा. बरगडीत चौकोन! चांगल्या सपाट, वळवलेल्या, पॉलिश केलेल्या लाकडाला! घराला खिडकी पाडताना सुद्धा आपण वास्तुशांत करतो. आणि ती पट्टी आत गेली की खोगीर तेवढंच वर येतं; मग ते खालून घासायचं. घासताना एक बाजू केसभर जास्त गेली की तिथली तार मुकी. पोरानं घासलं तेव्हा चौथी तार मुकी झाली. पुन्हा घासलं, चौथी बोलली, दुसरी मुकी. पाटी घेऊन बसलेल्या पोरासारखं तीन रात्री घासत होतं. सासूबाई म्हणाल्या, "याला मराठीत शब्द आहे. खोगीरभरती." आता हसावं की त्यांच्या पाया पडावं?

आणि इतकं करून आवाज कसा? मऊ वाजवलं तर बरा. जरा जोर लावला की बदक. अगदी तलावातलं बदक, क्वॅक क्वॅक! याच्यावर उपाय म्हणून माईकपंथी पुढे सरसावले. त्यांचं म्हणणं, पोटात एक चिमुकला माईक टांगा, खरा आवाज, हवा, लाकूड, बोट, सगळं येतं. येतं हो! शेजारचा टाळही येतो, कोंबडाही येतो, आणि स्पीकर जरा मोठा केला की शिट्टी. मग जे फार शहाणे, ते दोन्ही घालतात. पट्टीही आणि माईकही, आणि एका बटणानं थोडं हे थोडं ते. डाळीत भाजी, भाजीत डाळ. आपल्याला विचाराल तर तेच चवीला बरं लागतं. पण हे पंथाच्या बैठकीत बोलायची सोय नाही.

परदेशात तरी शहाणपण असेल म्हणून पोरानं मला एक गोष्ट दाखवली. अमेरिकेतला गाणारा बुवा विली नेल्सन. लांब वेण्या, डोक्याला पट्टी. १९६९ मध्ये त्याच्या बाल्डविन कंपनीच्या गिटारीवर एका दारुड्यानं पाय दिला आणि ती मोडली. पण तिच्यातला पिकअप जिवंत होता. मग नॅशव्हिलच्या दुरुस्तीवाल्यानं तो काढून मार्टिन कंपनीच्या एका नायलॉन तारांच्या गिटारीत बसवला, मार्टिन एन-२० मध्ये. ती गिटार तो तेव्हापासून वाजवतोय. बोटांत धरलेल्या नखीनं घासून घासून लाकडाला वाटीएवढं भगदाड पडलंय, तरी सोडत नाही. आणि नाव काय ठेवलंय? ट्रिगर! पडद्यावरच्या रॉय रॉजर्स नावाच्या काउबॉयच्या घोड्यावरून. ऐकताच शेजारचे भाऊजी उठून बसले. "म्हणजे बघा, घोडी, तिच्यावर खोगीर, आणि वाद्याचं नावच घोडा! आणि बंदुकीच्या ट्रिगरला आपण काय म्हणतो? घोडाच!" त्या दिवसापासून भाऊजी कट्टर खोगीरपंथी. माणसं धर्म कशावरून बदलतील, काही नेम आहे?

हेच भाऊजी बरं का, ज्यांनी पहिल्या दिवशी "गिटार म्हणजे पोरी फिरवायचं वाद्य" असं नाकानं कांदे सोलले होते. आता त्यांच्याकडे गिटार नाही, पण पिकअप आहेत दोन. "पुढेमागे गिटार घेतली तर असावेत," म्हणतात.

पण खरी मजा झाली हळदीला. मुरबाडकडच्या पाहुण्यांची हळद. डीजेच्या भिंती, बेंजो पार्टी, आणि मध्ये आमचं पोरगं तंगुसाची गिटार घेऊन. कारण नवरदेव त्याचा मित्र. पोरानं टिकलीची वायर थेट मिक्सरमध्ये खुपसली. आणि आवाज आला तो असा, की पत्र्याच्या डब्यात कुणी गहू निवडतंय. खर्जाचा पत्ताच नाही. साउंडवाला म्हणतो वायर खराब, बेंजोवाले म्हणतात वाद्यातच दम नाही (ते आता हे वाक्य सोडायला तयार नाहीत), आणि पोरगं रडकुंडीला.

यातली मेख मला एका म्हाताऱ्या साउंडवाल्यानं सांगितली, आणि अशी सांगितली की जन्मात विसरणार नाही. "ताई, झिरा बघितलाय ना?" बघितलाय म्हणजे काय? मे महिन्यात आमच्या बायका झिऱ्याच्या काठी बसून वाटी वाटीनं पाणी काढतात आणि हंडा भरतात. तिकडे आमच्याच तालुक्यातली भातसा, तानसा धरणं मुंबईचे नळ भरतात, तो भाग वेगळा. "तर टिकली म्हणजे झिरा. तिच्यात वीज आहे, पण पाझरते. वाटीनं काढली तर हंडा भरतो. मिक्सर म्हणजे मोटर. झिऱ्याला मोटर लावली तर काय येईल? गाळ." म्हणून मध्ये एक डबी लागते, प्रीअँप. ती वाटीनं घेते, म्हणजे दहा लाख ओमच्या वर रोध ठेवते, आणि पुढे मिक्सरला हंडा भरून देते. मिक्सरचा स्वतःचा रोध दहा हजारांच्या आसपास. तो खर्ज सगळा पिऊन टाकतो. बोला! सह्याद्रीच्या पलीकडे न जाता, कुणाची डिग्री न काढता, एवढं स्वच्छ कुणी सांगितलं असतं? मी त्या माणसाला हळदीचं जेवण दोनदा वाढलं.

डबी आली. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी तिच्यात. आणि एक नवी ब्याद. वायर गिटारीत खुपसून ठेवली की बॅटरी रात्रभर जळते. सकाळी गिटार मेलेली. आमच्या तालुक्याची शान बघा : चोंढ्याजवळ घाटघर प्रकल्प, रात्री पाणी वर चढवतात, दिवसा खाली सोडून २५० मेगावॅट वीज काढतात. आणि त्याच्या पायथ्याला हे पोरगं रात्री अकरा वाजता दारोदार विचारतंय, "कुणाकडे नऊ व्होल्टची बॅटरी आहे का?" एका घरात निघाली. मुलाच्या रिमोटवरच्या गाडीतली. तो मुलगा अजून आमच्याशी बोलत नाही.

मग आला घूं. आवाज मोठा केला की गिटारीचं पोट स्वतःच गुरगुरायला लागतं, साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास. आपल्या भाषेत, भुंगा डब्यात कोंडल्यासारखं. पोटाचं तोंड बंद केलं की घूं कमी होतो, म्हणून त्याला रबरी झाकण मिळतं. पोरानं मागवलं. आलं ते स्टीलच्या गिटारीच्या मापाचं, दहा सेंटिमीटरचं. आणि ह्या गिटारीचं तोंड साडेआठ. सगळ्यांनी मिळून दाबलं, कोंबलं, तेल लावलं. शेवटी माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण बेतशीर बसलं! म्हणजे पहिल्यांदा लायटर, मग झाकण. कैरीचं लोणचं फडक्यानं बांधून ठेवलंय आणि गिटार सुरक्षित. माझ्या संसारात आता ज्याला आवाज येतो ते सगळं त्या गिटारीचं.

मग पुढच्या हळदीत दहा वाजले आणि कायद्यानं स्पीकर बंद झाले. भिंती गप्प, बेंजो गप्प. पण तोवर जी दोन गाणी तंगुसाच्या गिटारीवर निघाली ती अशी निघाली की नवरीकडच्या चार पोरांनी तिथल्या तिथे नंबर मागून घेतले. नवरीचा? छे! टिकलीचा.

आणि मग काय, पाट फुटला. सगळ्यात आधी पडले ते आमचे बुवा. हेच बुवा म्हणायचे ना, "वीणा हातात धरली की देव ऐकतो, त्याला वायर लागत नाही"? सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे काकड्याला वीणेचा झणत्कार मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत. आपण चमकलो. पुढे जाऊन बघतो तर वीणेला भगवं फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्यातून शेपूट बाहेर. बुवा म्हणाले, "थंडी वाजते तिला." वीणेला थंडी! ते फडकं मिरजेहून शिवून आणलंय असंही सांगून झालं. अहो, मिरजेचे कारागीर सतार आणि तंबोरे घडवतात, त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कारागीर फडकी कधीपासून शिवायला लागले?

बुवा पडले म्हटल्यावर राहिलं कोण? हार्मोनियमला टिकली. ढोलकीच्या चाट्याला टिकली. शाळेतल्या पोरांनी घंटेला टिकली लावली, मधल्या सुट्टीत घंटा झाली तेव्हा खालच्या वाडीतल्या गाई उठून उभ्या राहिल्या म्हणतात. एका काकांनी मोरीच्या पाइपाला लावली, बिळातली घूस ऐकायला. आणि एका आजीबाईंच्या नातवानं जात्याला लावली! खरंच सांगते, जात्याच्या खालच्या तळीला टिकली, वर आजीबाई नाचणी दळताहेत, आणि स्पीकरमधून असा घर्र घर्र गडगडाट, की आजोबाच्या डोंगरावर पाऊस आला समजून दोघींनी वाळवणं आत घेतली. आजीबाई थांबल्या. ऐकत राहिल्या. मग हात पुन्हा फिरवला, मुद्दाम हळू. "परत," म्हणाल्या. आता त्या रोज दळतात. पीठ चक्कीवरूनच येतं.

सेगोव्हियानं हे पाहिलं असतं तर? तो म्हणे मंचावर माईकसुद्धा घेत नसे. एवढ्या मोठ्या सभागृहात लोकांनी श्वास रोखून ऐकायचं. तिकडे बाकीच्यांनी काय काय केलं बघा. १९८२ मध्ये गिब्सननं चेट ॲटकिन्सच्या नावानं जवळजवळ भरीव लाकडाची नायलॉन गिटार काढली, म्हणजे पोटच नाही तर घूं कुठून? यामाहानं पुढे जाऊन निव्वळ चौकट ठेवली. पोट कापून टाकलं. गिटारीचं पोट गेलं, राहिला फक्त पिकअप. एवढी पुढारलेली माणसं तिकडे, मग आपण एका झाकणाचं काय घेऊन बसलोय?

धोबीतलावला फुर्तादोज नावाचं वाद्यांचं दुकान आहे, १८६५ पासूनची पेढी. तिथे आमच्यातले तिघे एका दिवशी, एकमेकांना न सांगता, एकाच काउंटरपाशी भेटले. एक म्हणाला दवाखान्यात आलो होतो. दुसरा म्हणाला मीपण. तिसऱ्याच्या हातात पिशवी होती, तो काही बोलला नाही. परतीच्या लोकलमध्ये तिघे आसनगावपर्यंत हवापाण्यावर बोलत आले.

आता मला कुणी विचारू नये. मी फक्त लिहिते. माझं काम बघायचं, हसायचं, दोन चिमटे काढायचे. पण झालं असं की लॅमिंग्टन रोडहून आलेल्या पुडीत एक टिकली उरली होती. उरलेली वस्तू वाया का घालवायची? आणि आमच्या मंडळाची एकतारी खुंटीला नुसती लटकलेली. परवा रात्री सगळे झोपल्यावर मी ती उतरवली, भोपळ्याच्या कातड्यावर मधोमध टिकली लावली, पोराचा छोटा स्पीकर गोधडीत गुंडाळला आणि एक बोट टाकलं. फडफड. दुसरं बोट. फडफड. टिकली काढली, थुंकी लावली, पुन्हा दाबली. बघू म्हणून तिसरं बोट टाकतेय, तोच आतल्या खोलीतून अंधारातूनच सासूबाईंचा आवाज आला, झोपेचा लवलेश नसलेला.

"कातड्यावर कशाला लावतेस गं? घोडीच्या पायाशी लाव. माझी तिथंच आहे."

"तुमची?"

"उद्या दाखवते. आणि लायटर जागेवर ठेव."